सावली तेवढी ठेवा

यार्डातली माणसं तिला घार म्हणत. हे नाव काही कौतुकाने पडलेलं नव्हतं. ती पहिल्यांदा क्रेनची शिडी चढली तेव्हा खालून कोणीतरी ओरडलं होतं, "घार चालली वर. आता डोकी सांभाळा रे." सगळे हसले. ती वर जाऊन बसली, लोखंडी पाइपांचा पहिला गठ्ठा उचलला आणि ट्रकच्या हौद्यात असा टेकवला, की हौद्याच्या कडेवर ठेवलेल्या कपातला चहा हिंदकळला नाही. नाव पुढेही तेच राहिलं. म्हणण्याची तऱ्हा तेवढी बदलली.

ती शिडी तिला कोणी आंदण दिली नव्हती. त्याआधी बरीच वर्षं ती खाली साखळीवर होती. साखळीवर म्हणजे, वरून हूक आला की त्यात मालाचे पट्टे अडकवायचे, हात वर करून इशारा द्यायचा आणि चटकन बाजूला व्हायचं. बायका साखळीवर आणि पुरुष क्रेनवर, अशी यार्डाची वाटणी होती. ती कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती, त्यामुळे खोडायचीही सोय नव्हती. घारीने अर्ज दिले, साहेबाच्या दारात ठाण मांडलं, युनियनच्या भर सभेत उभं राहून आपल्याच पुढाऱ्यांना विचारलं, "तुमच्या घोषणेत बाई असते, मग शिडीवर का नसते?" पुढारी माइककडे बघत बसले. शेवटी परवाना काढून ती वर गेली, आणि गेली ती गेलीच.

म्हणून फलकावर ती सूचना लागली तेव्हा तिने ती दोनदा वाचली. क्रेनच्या केबिनी काढून टाकणार होते. यापुढे चालक ऑफिसशेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसून, कॅमेऱ्यातून बघत, खालूनच क्रेन चालवणार. त्याआधी महिनाअखेरीला संगणकातल्या खोट्या क्रेनवर परीक्षा. पास होईल तो त्या खोलीत बसेल. नापास होईल त्याला 'योग्यतेनुसार खालचे काम'. खालचं काम म्हणजे कुठलं, हे घारीला कोणी फोड करून सांगायची गरज नव्हती. साखळीच्या कामात कमीपणा आहे असं कोणी म्हटलं तर ती त्याचं तोंड फोडायला निघाली असती. पण भांडून चढलेल्या शिडीवरून कोणीतरी बोट धरून खाली उतरवायचं, ही गोष्ट वेगळी.

सरावासाठी ऑफिसात एकच यंत्र होतं आणि पाळ्या क्रेनवरच्या नोकरीप्रमाणे. उशिरा चढली म्हणून ही रांगेच्या शेवटी. पाळी आली तेव्हा ती झोकात जाऊन बसली, दोन्ही दांडे हातात घेतले, पडद्यावरचं सामान उचललं, आणि ते सामान असं झुलायला लागलं की जत्रेतला पाळणा बरा. सावरायला गेली तर आणखी झुललं. शेवटी पडद्यावरच्या ट्रकचं टप त्याने चेपलं. मागे उभ्या असलेल्यांतला एक जण म्हणाला, "घार पिंजऱ्यात घातली की असंच होतं."

ती दांडे सोडून उठली आणि दाराबाहेर पडली.

झालं काय होतं, हे तिला जिना उतरताना कळलं. क्रेन काही नुसत्या डोळ्यांनी चालत नाही. ती बुडाने चालते. माल झुलायला लागला की आधी खुर्ची सांगते, मग डोळ्यांना दिसतं, आणि तोवर हात आपोआप हललेला असतो. इथली खुर्ची मुकी होती. आता सगळं डोळ्यांना शिकवायचं, म्हणजे सराव हवा, आणि तोही रोज.

शिकवायला आलेला ट्रेनर माणूस बरा होता. त्याने सगळ्यांना सरावाचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर भरून दिला, आणि संगणकाला जोडायच्या दांड्यांची एकेक जोडीही. "घरी चालवा. संगणक साधा चालेल," तो म्हणाला, "पण त्यात ग्राफिक्स कार्ड बसवून घ्या. अगदी भारी नको. पण नसेल तर चित्र अडखळेल, आणि क्रेन अडखळली की तुम्ही चुकीचं शिकाल."

संगणक घरात नुकताच आला होता, तोही नवा कोरा. तो तिच्या नवऱ्यासाठी. नवरा शिंपी, पुढच्या खोलीत लांबलचक कापणीचं टेबल, त्याच्या एका टोकाला शिलाईचं मशीन, आणि आता दुसऱ्या टोकाला संगणक. कागदावर काढायचे कपड्यांचे साचे पडद्यावर काढावेत अशी त्याला हौस आली होती. आणि तो संगणक निवडला होता अक्कांनी. अक्का म्हणजे घारीची थोरली नणंद. दवाखान्याच्या ऑफिसात टायपिंग करायच्या, शेजारच्याच इमारतीत राहायच्या, आणि जगातली कुठलीही वस्तू त्यांना विचारल्याशिवाय विकत घेतली तर ती बिघडते अशी त्यांची खात्री होती.

"ग्राफिक्स कार्ड?" अक्का म्हणाल्या. "वहिनी, ते खेळ खेळणाऱ्यांना लागतं. मी घेतलाय तो संगणक कामाचा आहे."

"मीही कामाचंच बोलतेय, अक्का."

"त्याची पॉवर सप्लायची पेटी लहान आहे हं. मी मुद्दाम साधी घेतली. घरातल्या कामाला तेवढी पुरते."

"वीज भिंतीतून येते, पेटीतून नाही," घार म्हणाली.

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून बाजूला ठेवल्या. बहीण आणि बायको यांच्यामध्ये बोलायची वेळ आली तर तोंडात टाचण्या नसलेल्या बऱ्या, हे तो संसारात शिकला होता. "खर्चाचं मी बघतो," तो म्हणाला. "मोठा पडदा घ्यायचा होता, तो पुढे ढकलू. साचे काय, लहान पडद्यावरही काढता येतात. पण बेताबेतानं घे."

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पोटात खोचायची एक पाटी. पडद्यावरचं हलतं चित्र रंगवायचं काम ती स्वतःवर घेते. त्यात शंभर जाती, आणि प्रत्येक जातीत लहान, मध्यम, थोरली. एवढं घारीने यार्डातल्या लोकांकडून ऐकलं होतं, आणि ज्याला त्याला विचारावं तर प्रत्येकाने वेगळंच नाव सांगितलं होतं.

संगणकाच्या दुकानांची गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना काचा, काचांमागे लाल-निळे दिवे फिरवणारे पंखे. तिने एक त्यातल्या त्यात कमी दिव्यांचं दुकान निवडलं. दुकानदाराचा चष्मा कपाळावर होता आणि हातात स्क्रू ड्रायव्हर.

"ग्राफिक्स कार्ड दाखवा. स्वस्तातलं."

"मुलगा कुठला गेम खेळतो?"

"मुलगा नाही. मी."

"बरं. तुम्ही कुठला?"

"क्रेन."

त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि तिच्याकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता. पण दिवसभर एकाच तऱ्हेचं गिऱ्हाईक बघून माणसाच्या जिभेला वळण पडतं. त्याने मागच्या कप्प्यातून एक तळहाताएवढं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. एकच पंखा, तोही बटणाएवढा.

"तुम्हाला एवढं पुरे," तो म्हणाला.

झालं. आयुष्यभर ती हे वाक्य ऐकत आली होती. तुम्हाला साखळी पुरे. तुम्हाला दिवसपाळी पुरे. तुम्हाला लहान क्रेन पुरे. प्रत्येक वेळी ते 'पुरे' ज्याने म्हटलं त्याला तिने तोंडावर पाडलं होतं. आता या चष्मेवाल्याने तरी का सुटावं?

"ते वरचं काय आहे?" तिने फळीकडे बोट केलं.

फळीवर विटेएवढं एक कार्ड होतं. तीन पंखे, पाठीला लोखंडी पत्रा. "ते वापरलेलं आहे. दोन पिढ्या जुनं, पण दणकट. जुनं म्हणून स्वस्त," तो म्हणाला. "पण ताई, त्याला वीज फार लागते. तुमच्या संगणकाची पॉवर सप्लाय किती वॅटची?"

घारीला ते माहीत नव्हतं. "आहे बरोबर," ती म्हणाली.

"नक्की ना? की एकदा बघून..."

"आहे म्हटलं ना."

त्याने खांदे उडवले, जोडायला एक दुहेरी वायर दिली आणि कार्ड बांधून दिलं. घार वीट काखेत मारून गल्लीतून अशी निघाली, जसं काही किल्ल्याची चावीच मिळाली.

घरी कार्ड बसलं. बसलं म्हणजे, खाचेत गेलं आणि दुसऱ्या टोकाला आपल्याच वजनाने लोंबायला लागलं. लोंबतं वजन बघून घारीच्या जिवाला चैन पडेना. तिने नवऱ्याकडून जाड पट्टी मागितली, कार्डाच्या टोकाखालून फास घेतला, पट्टी वर संगणकाच्या खोक्यातल्या दांडीला बांधली आणि पातळी बघितली. पातळी बरोबर होती.

"अशी लुंगी मी संगणकाला नेसवलेली पहिल्यांदाच बघतोय," शिंपी म्हणाला.

"लुंगी नाही, झोळी. चालू करा."

चालू केलं. चित्र असं उजळ आलं की शिंपीसुद्धा मशीन सोडून बघायला उठला. यार्ड, पाणी, पाण्यावर चकाकणारं ऊन, आकाशात ढग, झाडांची पानं हलताहेत. घारीने दांडे धरले, हूक खाली सोडला, पट्टे अडकले, आणि तिने माल उचलला.

संगणक बंद पडला. मेल्यासारखा. एक दिवा नाही.

पुन्हा चालू केला. पुन्हा उजळ चित्र, पुन्हा माल उचलला, पुन्हा काळोख. नुसतं आकाश बघत बसलं तर चालायचा. काम दिलं की मान टाकायचा. घारीने आधी भिंतीतल्या विजेला दोष दिला. मग वायरीला. मग ट्रेनरच्या पेन ड्राइव्हला. मग दुकानदाराच्या कुळाला. शेवटी अक्का आल्या तेव्हा त्यांच्या खोक्याला.

"तुमचं खोकंच कुचकामी, अक्का. दवाखान्यात बसून निवडलंत, आजारीच निघालं."

"मी पेटीचं सांगितलं होतं."

"पेटी पेटी काय करता? अख्खं घर त्याच भिंतीवर चालतं."

"मग घर जोड त्या कार्डाला," असं म्हणून अक्कांनी चपला घातल्या आणि गेल्या. त्यानंतर शेजारच्या इमारतीतून निरोप येणंही बंद झालं. ऑफिसातल्या सरावाची तिची एक पाळी आली आणि गेली. ट्रकचं टप पुन्हा चेपलं. परीक्षा जवळ येत चालली. खोकं टेबलाच्या टोकाला झोळी नेसून मुकाट बसलेलं.

अशात एका सकाळी यार्डात मोठं जनरेटर उचलायचं होतं. ते ठेवायचं होतं पार लांब, कुंपणाजवळ. खालून मुकादम रेडिओवर म्हणाला, "घारे, क्रेनचा हात पूर्ण लांब कर आणि इथे आणून ठेव."

केबिनीत तिच्या उजव्या हाताला भाराचा तक्ता चिकटवलेला होता. क्रेनचा हात जितका लांब, तितकं वजन कमी उचलायचं, असं त्यात रकान्या-रकान्यांत लिहिलेलं. तिने एक नजर टाकली. "नाही होणार, मुकादम. एवढ्या लांब एवढं वजन नाही. ट्रक जवळ घ्या."

"अगं, ही यार्डातली सगळ्यात मोठी क्रेन आहे. तिला काय होतंय?"

"क्रेन केवढी आहे ते विचारू नका. पाया किती पेलतो ते विचारा. उचलायला गेले तर अख्खी क्रेनच..."

तिने रेडिओचं बटण सोडलं. वाक्य अर्धंच राहिलं.

"अख्खी क्रेनच काय?" मुकादम खालून विचारत होता. "घारे? ऐकतेयस का?"

ती ऐकत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे तीन पंख्यांची वीट होती आणि तिच्या खाली अक्कांची लहानशी पेटी. नुसतं उभं राहायला त्रास नाही. माल उचलला की मान टाकते. जन्मात कधी तक्त्याबाहेरचं वजन न उचललेली बाई, स्वतःच्या घरात पाया न बघता सगळ्यात मोठी क्रेन आणून बसली होती. आणि ती कशासाठी, तर कोणी 'पुरे' म्हटलं म्हणून.

ट्रक जवळ आला, जनरेटर जागेवर गेलं. संध्याकाळी तिने खोक्याचं झाकण काढून पेटीवरचा कागद वाचला. मग कार्डाच्या डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचलं. कार्ड एकटंच पेटीची बहुतेक सगळी वीज मागत होतं. बाकीच्या संगणकाने काय, उपास करायचा?

शेजारच्या इमारतीचे जिने चढणं तिच्या फार जिवावर आलं. दार अक्कांनीच उघडलं.

"पेटी लहान आहे," घार म्हणाली.

"हे मी ऐकलंय कुठेतरी."

"चुकलं माझं, अक्का."

अक्कांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "परत म्हण. भावाला बोलावते, त्यालाही ऐकू दे."

"बोलवा. पण आधी माझ्याबरोबर दुकानात चला. मला तिथे एकटीला गेलं की राग येतो, आणि राग आला की मी खोटं बोलते."

अक्कांना हसू आवरलं नाही. भांडण तिथेच मिटलं. म्हणजे त्या दोघींचं जेवढं कधी मिटतं तेवढं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये अक्कांच्या मांडीवर खोकं आणि घारीच्या मांडीवर वीट, अशा दोघी गल्लीत आल्या. दुकानदाराने विटेवरूनच ओळखलं.

"बंद पडतोय ना?" तो म्हणाला. "मी विचारलं होतं."

अक्कांनी वहिनीकडे बघितलं. आता भडका उडणार असं त्यांना वाटलं. घारीने वीट काउंटरवर ठेवली.

"विचारलं होतंत. मी ठोकून दिलं. मला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली," ती म्हणाली. "पण एक माझंही ऐका. मला एवढं पुरे की नाही, ते माझं काम काय आहे हे विचारल्याशिवाय तुम्हाला कसं कळलं?"

दुकानदाराने स्क्रू ड्रायव्हर काउंटरवर ठेवला. "तेही खरं," तो म्हणाला. "बसा. सांगा काय काम आहे."

वीट त्याने परत घ्यायचं कबूल केलं. थोडं कापून घेईन म्हणाला. घारीने थोडं म्हणजे किती यावर थोडा वाद घातला, सवय जाऊ नये म्हणून. मग खोकं काउंटरवर चढलं, पेन ड्राइव्ह आणि बरोबर आणलेले दांडे लागले, आणि तेच बटणाएवढ्या पंख्याचं कार्ड खाचेत बसलं. ते बसल्या खाचेतूनच वीज घ्यायचं. वेगळी वायर नको, झोळी नको. संगणक बंद पडला नाही. पण हूक अडखळत हलायला लागला. हात आत्ता हलवावा आणि हूक मागाहून आठवण झाल्यासारखा यावा.

"असं नको," घार म्हणाली. "अशात झोका पकडता येत नाही. माल डावीकडे जातोय तोवर मी थांबवायला हवा, आणि हा मला तो परत आल्यावर दाखवतोय."

"थांबा, चित्राचं ओझं कमी करतो." दुकानदाराने पडद्यावर एक यादी उघडली आणि एकेक गोष्ट बंद करत गेला. ढग गेले. पाण्याची चकाकी गेली. "सावल्या सगळ्यात जड. त्या काढल्या की कार्ड मोकळं होतं. आता बघा."

हूक लोण्यातून फिरावा तसा फिरायला लागला. दुकानदार खूश, अक्का खूश. घारीने माल उचलला, वळवला, खाली न्यायला लागली, आणि धाडकन आपटला. पुन्हा केलं. या वेळी अधांतरीच सोडला.

"सावली कुठे गेली?" तिने विचारलं.

"काढली ना. सावली काय, दिसायला बरी असते, एवढंच."

"दिसायला नाही हो, भाऊ." ती खुर्चीतून उठली. तिने काउंटरवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि दिव्याखाली धरला. काउंटरवर त्याची काळी रेघ पडली, हातभर दूर. "मी वर बसलेली असते. वरून बघताना माल जमिनीपासून किती उंच आहे ते कळत नाही. मालाच्या डोक्याकडून बघितलं की सगळं सपाट. मग मी सावली बघते. माल खाली येतो तशी सावली त्याच्याकडे सरकत येते." तिने स्क्रू ड्रायव्हर सावकाश खाली आणला. काळी रेघ सरकत सरकत आली आणि त्याला चिकटली. "इथे मिळाली की टेकला. आता सांगा, सावली काढून मी काय बघू?"

दुकानदार वाकून त्या रेघेकडे बघत होता. अक्काही. एवढी वर्षं वहिनी वर बसून काय करते, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"मग उलटं करू," तो म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात उत्साह आला, जसा कारागिराला अवघड गाठ हातात आल्यावर येतो. "सावली तेवढी ठेवू, बाकी सगळं काढू. झाडं?"

"काढा."

"खिडक्यांतली प्रतिबिंबं?"

"काढा, मला काय खिडकीत भांग पाडायचाय?"

"ही फिरणारी माणसं?"

"माणसं राहू देत," घार म्हणाली. "खाली माणूस नाही असं समजून क्रेन चालवायची सवय लागली, तर एक दिवस घात होईल. चेहरे नसले तरी चालतील."

चेहरे काढले. तरीही सावली लावली की ते लहानगं कार्ड धापा टाकायचं. दुकानदाराने चष्मा कपाळावर सारला, खालच्या खणात हात घातला आणि बरंच चाचपून एक मधलं कार्ड काढलं. नवं होतं, पण डब्याचा एक कोपरा चेपलेला, म्हणून पडून राहिलेलं. दोन पंखे, अंगात मेमरी पहिल्याच्या दुप्पट, आणि वीज खाचेतूनच. "याला दिवे लागत नाहीत, म्हणून पोरं घेत नाहीत," तो म्हणाला.

ते बसवलं. सावली लावली. घारीने माल उचलला. काळा चौकोन जमिनीवरून मालाच्या मागोमाग निघाला, कुठे न अडखळता, गाईमागच्या वासरासारखा. तिने माल वळवला, झोका पकडला, खाली आणला. चौकोन सरकत आला आणि मालाखाली शिरला. टेकला.

"हे द्या," ती म्हणाली. मग दुकानदाराकडे बघून, "एवढं पुरे मला."

मग रोज संध्याकाळी टेबलाच्या एका टोकाला शिलाईचं मशीन आणि दुसऱ्या टोकाला क्रेन. पहिले काही दिवस माल झुलायचा, भिंतींना लागायचा. एकदा तिचा हात अगदी छान चालला होता, आणि अचानक बिघडला. तिने मान वर केली. शिंप्याने दोरा संपला म्हणून मशीन थांबवलं होतं.

"अहो, थांबू नका. शिवत राहा."

"का?"

"तुमच्या मशीनची थरथर टेबलातून माझ्या खुर्चीत येते. केबिनीत असल्यासारखं वाटतं."

शिंप्याने रिकाम्या सुईवर पाय चालू ठेवला. "लग्नात सांगितलं असतं, की नवरा इंजिनाच्या जागी हवाय, तर विचार करून हो म्हटलं असतं," तो म्हणाला. पण त्याने पाय थांबवला नाही. पुढे पुढे ती त्याला मधूनच मशीन बंद करायला सांगायला लागली, मुक्या खुर्चीची सवय व्हावी म्हणून. हळूहळू डोळ्यांनी खुर्चीचं काम उचललं.

परीक्षेच्या दिवशी ऑफिसातल्या यंत्रावर सगळं चालू होतं: ढग, पाणी, पानं. वर ट्रेनरने पडद्यावर संध्याकाळ लावली. घारीने घरी भर दुपार लावून सराव केला होता; तेव्हा सावली मालाच्या पायाशी घुटमळते. इथे ती लांबच लांब, तिरपी, पार कुंपणावर जाऊन पडली होती. पाळ्या या वेळी चिठ्ठ्या टाकून ठरल्या होत्या. तिच्या आधीच्या दोघांनी माल आपटला होता.

"दुपार करता येईल का?" तिने विचारलं.

"सगळ्यांना तीच," ट्रेनर म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं.

तिने दांडे धरले. क्षणभर ती लांब सावली बघून तिचं मन कचरलं. मग तिला काउंटरवरचा स्क्रू ड्रायव्हर आठवला. ऊन कुठूनही असो, माल जमिनीला टेकतो तेव्हा सावलीला यावंच लागतं. दुपारी ती जवळून येते, संध्याकाळी लांबून. तिने माल उचलला, एक झोका बसला, तो पकडला, दुसरा बसूच दिला नाही. मग ती सावलीची वाट बघत माल उतरवत राहिली. कुंपणावरून ती खाली आली, पाइपांच्या ढिगावरून वाकडीतिकडी होत सरकली, ट्रकच्या चाकांवरून चढली आणि हौद्यात येऊन मालाला मिळाली.

पिंजऱ्याचा विनोद करणारा, आता पुढची पाळी आपली म्हणून, दांड्यांकडे बघत होता.

ती पहिली आली नाही. वेळेचे गुण गेले. ती सावकाश होती. पण पास झाली, आणि त्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची तिने आल्या आल्या पटकावली. पहिल्याच आठवड्यात तिने लेखी मागणी ठोकली, की क्रेनच्या हातावर खाली बघणारा एक दिवा लावा, म्हणजे ढगाळ दिवशीही हुकाची सावली कॅमेऱ्यात येईल, सगळ्यांना. साहेबाने बघू म्हटलं. तिने साहेबाच्या दारात पुन्हा ठाण मांडायची तारीखही सांगून टाकली. दिवा लागला.

आणि साखळीवरच्या दोघी तिच्याकडे यायला लागल्या. शिडी आता राहिलीच नव्हती. खोलीत बसायला शिडी चढावी लागत नाही, तर मग बायकांना तिथे कशाचा अडसर, असा त्यांचा सरळ सवाल होता. पुढच्या परीक्षेला अर्ज दोघींनी भरले होते. संध्याकाळी त्या टेबलाच्या टोकाशी बसत. पाळ्या अक्का लावत, आणि कोणी जास्त वेळ बसलं की दवाखान्यातल्या आवाजात पुढच्या पेशंटला हाक मारत.

पहिल्या दिवशी त्यांतल्या थोरलीने हूक वेगाने खाली सोडला आणि पडद्यावरचा ट्रक चेपला. ती ओशाळली. "माझ्याच्याने नाही होणार, घारे. मला आपलं खालचंच पुरे."

शिंप्याने पाय थांबवून बायकोकडे बघितलं. अक्कांनीही.

घारीने तिचा हात पुन्हा दांड्यावर ठेवला. "पुरे की नाही ते मग ठरव," ती म्हणाली. "हुकाकडे बघू नको. सावली कुठे आहे, ते आधी शोध. अहो, तुम्ही का थांबलात? शिवा."